स्कीच्या घड्याळाचं अर्थिंग

मला किळस फार मनापासून येते. घरचे याला नखरा म्हणतात. चहाच्या कपाला दुसऱ्याच्या ओठाचा डाग दिसला तरी माझा दिवस वाया जातो. अशा माणसाच्या टेबलावर एका गोऱ्याने दोन स्कीचे बूट आणून ठेवले आणि म्हणाला, "यात घड्याळ आहे."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मस्कतमध्ये, रूवीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात हार्डवेअरचं काम बघत होतो आणि वादी अदाईला चार बॅचलरांबरोबर राहत होतो. हा गोरा कुठल्याशा इंजिनियर मंडळींच्या क्लबचा सेक्रेटरी. ही मंडळी दर हिवाळ्यात वहिबाच्या वाळूत जाऊन टेकड्यांवरून स्की करत उतरायची. होय, वाळूवर, बर्फावरच्याच स्की घालून. यंदा त्यांनी युरोपातून शर्यतीचं जुनं इलेक्ट्रॉनिक घड्याळ मागवलं होतं आणि वाटेत फुटू नये म्हणून ते बुटांत भरून आलं होतं. मी हात घातला. आत एक लोकरीचा मोजा होता. मोज्यात घड्याळाचा डोळा होता, म्हणजे समोरून काही गेलं की टिपणारी काच. तो मोजा ओला नव्हता, पण कधीतरी फार ओला होऊन गेला होता, आणि त्या सगळ्या प्रसंगांची आठवण त्याने जपून ठेवली होती. मी डोळा बाहेर काढला, बेसिनवर गेलो आणि साबणाची वडी अर्धी केली.

"अहो, ते बूट आधी टेबलावरून उतरवा," आमचे मॅनेजर साहेब केबिनच्या दारातून म्हणाले. नाकावर सेंटचा रुमाल. साहेब सदाशिव पेठेतले, टाय वर्षाचे बाराही महिने. "आणि हे काम जमलंच पाहिजे. क्लबवाले सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे आहेत. रेस नीट झाली तर त्यांच्या ऑफिसांची ऑर्डर आपली."

"आणि माझं पत्र, साहेब?"

"रेस नीट होऊ द्या. मग सही."

हे पत्र म्हणजे माझ्या फॅमिली व्हिसाचं. त्याच्यावर साहेबांची सही झाली की अर्बाबचा, म्हणजे आमच्या ओमानी मालकाचा, शिक्का उठणार आणि ठाण्याहून बायको-मुलगी येणार. मुलगी तोवर एवढी मोठी झाली होती की आईचं ऐकून फोनवर मला 'अहो' म्हणायला लागली होती. "अहो, कधी येणार?" मी हसायचो आणि फोन ठेवला की माझं जेवण जायचं नाही. साहेबांची सही मात्र महिनोन्‌महिने 'बघू'वर अडकली होती.

तर कामाला लागलो. काम ऐकायला सोपं. टेकडीच्या माथ्यावर एक दांडी असते. खेळाडू निघाला की त्याच्या नडगीचा तिला धक्का लागतो आणि घड्याळ सुरू होतं. पायथ्याशी तो मोज्यातला डोळा. त्याच्यासमोरून माणूस गेला की वेळ थांबते. ती वेळ तारेतून कॉम्प्युटरमध्ये जायची आणि तिथलं सॉफ्टवेअर पहिला, दुसरा, तिसरा असं लावून द्यायचं. अडचण एकच, घड्याळ एका देशाचं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. घड्याळाची बोलायची तार कॉम्प्युटरच्या ऐकायच्या तारेला जोडायची, दोघांचा बोलण्याचा वेग एक करायचा, आणि मग ते जे बोलतंय ते याला कळतंय का बघत बसायचं. कळत नव्हतं. कळलं तेव्हा सॉफ्टवेअरने पुढचा प्रश्न विचारला: बर्फ कोणता? ताजा, ओला की कडक? उत्तर दिल्याशिवाय ते पुढेच जाईना. बाहेर रूवीच्या रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. मी 'ताजा' लिहिलं. मग तापमान विचारलं. मी उणे पाच लिहिलं आणि एसी वाढवला.

डोळ्यासमोरून बोट नेलं की पडद्यावर वेळ उमटायची. शंभरदा नेलं, शंभरदा उमटली. साहेब खूष झाले.

शुक्रवारी सकाळी वाळूत पोचलो. साहेब टायसकट आले होते, कारण ऑर्डर हातची जाऊ द्यायची नव्हती. गाडी चालवायला आमचे मामू. हे रत्नागिरीकडचे, दुकानाचं गोदाम आणि ड्रायव्हरकी दोन्ही सांभाळणारे, आणि त्या दिवशी क्लबच्या जेवणाची सुरमईही यांनीच मत्र्याच्या मासळीबाजारातून बर्फाच्या पेटीत घालून आणलेली. गोरे लोक चारचाकी गाड्यांतून टेकडीवर चढत होते. स्कीच्या तळाला मेण चोळत होते. त्या प्लास्टिकच्या बुटांत त्यांचे पाय शिजत होते. बूट काढला की माणूस नव्हे, भांडं उघडल्यासारखं वाटायचं. मी वाऱ्याची दिशा बघून टेबल मांडलं.

पहिला खेळाडू निघाला. खाली आला. डोळ्यासमोरून गेला. पडद्यावर वेळेऐवजी ठिपके, हसरे चेहरे आणि ग्रीक अक्षरं उमटली.

सेक्रेटरी म्हणाला, "हे काय आहे?"

साहेब म्हणाले, "हे काय आहे हो?"

मामू म्हणाले, "भाऊ, ह्याला नजर लागली."

नजर नव्हती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एवढी लांब तार, तिच्यावर सकाळपासून वारा कोरडी वाळू घासत होता. तारेत वीज साठत होती. हात लावला की टचकन चटका. आणि कॉम्प्युटर ज्याच्यावर चालत होता त्या जनरेटरला अर्थिंग नाही, म्हणजे त्या विजेला जमिनीत जायला वाटच नाही. आपल्याकडे घर बांधताना अर्थिंगचा खड्डा करतात, त्यात कोळसा, मीठ, पाणी घालतात, तसा खड्डा हवा होता. खड्डा मी खणला. कोळसा शेगडीचा मिळाला. लोखंडी सळई ठोकली. पण कोरड्या वाळूत सळई म्हणजे डब्यात उभी केलेली काडी. खारट ओल हवी.

"पाणी द्या," मी म्हणालो.

"पिण्याचं आहे," सेक्रेटरी म्हणाला. "एवढ्या माणसांना पुरायला हवं. ते नाही मिळणार."

मी आजूबाजूला पाहिलं. मामूंच्या पेटीतला बर्फ वितळला होता. मामूंनी सुरमईला सढळ हाताने मीठ लावलं होतं. पेटीत गुलाबी, खवल्यांनी चमचमणारं, वर बारीक फेस आलेलं काहीतरी हेलकावत होतं.

"ह्या पाणी?" मामू म्हणाले. "अरे, ह्यात मासळीचा रगत हाय, भाऊ. तुला वांती होल."

झाली. खड्ड्यात नव्हे, बाजूला. पण त्याआधी मी पेटी दोन्ही हातांनी उचलून खड्ड्यात रिकामी केली होती. शिंतोडे माझ्या चेहऱ्यावर आले, एक ओठावरही. त्याबद्दल मी आजही कुणाशी बोलत नाही. सळईला तार जोडली. दुसरा खेळाडू निघाला, खाली आला आणि पडद्यावर स्वच्छ, सुंदर वेळ उमटली. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा पडद्यावर आणखी एक वेळ होती. मग आणखी एक. टेकडीवर कुणीही निघालं नव्हतं, तरी खाली माणसं पोचत होती, आणि एक तर पहिल्या नंबरावर.

मी डोळ्याजवळ गेलो. खड्डा होता पलीकडे दोन हातांवर, आणि कुठून कुठून, बहुतेक जवळच्या शेळ्यांवरून, माश्या आल्या होत्या. हिरव्या, जाड, तृप्त. त्यातली एक डोळ्याच्या काचेवर सावकाश चालत होती. इकडून तिकडे गेली की एक शर्यत पूर्ण.

"कुणीतरी इथे बसून माश्या हाकलायला हव्यात," मी म्हणालो. "सतत. हात काचेसमोर न आणता."

"मामू बसतील," साहेब म्हणाले.

"मामू टेकडीवर दांडी सांभाळणार. मी कॉम्प्युटरवर. साहेब, हे फार जबाबदारीचं काम आहे."

सेक्रेटरी तेवढ्यात आला, आणि साहेब बसताहेत असं मी त्याला इंग्रजीत सांगून टाकलं. साहेबांच्या खांद्यावर घामेजलेला हात ठेवून म्हणाला, "उत्तम! साहेब स्वतः!" आता नाही कसं म्हणणार? साहेब खड्ड्याशेजारी बसले. आधी सेंटचा रुमाल हलवला. माश्यांना सेंट आवडला. मग कागदी थाळी घेतली. माश्या साहेबांच्या टायवर बसल्या, कानात शिरल्या. वारा आला की खड्ड्यातला दर्प साहेबांच्या तोंडावर. दर खेळाडू आला की वर मूठभर वाळू. मी पडद्याआडून बघत होतो. खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मला किळसेतही एक प्रकारची चव कळली.

शर्यत संपली. निकाल छापला: बर्फ ताजा, तापमान उणे पाच. सेक्रेटरीने साहेबांना सगळ्यांसमोर मिठी मारली. "ऑर्डर तुमची! आणि पुढच्या वर्षी अशीच रेस. हीच टीम!"

गाडीपाशी आलो तेव्हा साहेब माझ्यावर उखडले. "तुम्ही मुद्दाम केलंत. पत्र विसरा. माझ्यासमोर सहीचं नाव काढू नका."

"बरं," मी म्हणालो. "तसंही माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपतंय. बायकामुलं येणार नसतील तर मी ठाण्याला जातो."

साहेब बूट झटकत होते. झटकायचे थांबले.

"मग पुढच्या वर्षी?"

"दुसरा कुणीतरी येईल की. त्याला तारा कळल्या म्हणजे झालं. नाहीतर माश्यांचं तुम्हाला आता जमतंच."

"इन्शाल्ला," मामू गंभीरपणे म्हणाले.

साहेबांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं. एक माशी त्यांच्या भुवईवर बसली होती, तिला त्यांनी हाकललंही नाही. "पत्र कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. पेनही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी सही केली. एक सुरेख सही, आणि शेजारी अंगठ्याएवढा खारट गुलाबी डाग.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही तिघं, रिकामी पेटी आणि तो वास. मामूंनी आपली काच खाली केली. साहेबांनी आपली केली आणि कुत्र्यासारखं डोकं बाहेर काढलं. मी पत्र दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं होतं.

"अहो, तुमचीही काच खाली करा," साहेब कळवळून म्हणाले. "मरेन मी."

"नाही साहेब," मी म्हणालो. "कागद उडेल."

आणि मस्कत येईपर्यंत मी नाकाने श्वास घेत राहिलो.