टिटवीचे दगड कोणी उचलले?

मंडळी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही. सकाळी मी काय सांगितलं, ते आठवतंय का? मला लिहिता येत नाय, म्हणून मी बोलतेय आणि नात तिच्या कंपनीनं दिलेल्या कॉम्प्युटरवरून तुम्हा पक्षी बघणाऱ्या सगळ्यांना पाठवतेय.

खाडीकाठच्या राखीव रानात तुम्हाला मीच नेलं. जुन्या मिठागराच्या बांधावर टिटवीची चार अंडी होती. टिटवी उघड्यावरच घालते आणि अंडी मातीच्याच रंगाची. म्हणून आम्ही मिठागरवाले भोवती चार दगड मांडतो आणि टोपली घेऊन लांबून जातो.

कॅमेरावाल्या भाऊंनी दगडच उचलले. "आजी, फोटोत बरे दिसत नाहीत."

"मग परत ठेवा हां."

"हो हो, ठेवतो." मी विश्वासानं पुढे झाले, हीच माझी चूक.

मागून येणाऱ्यांच्या दुर्बिणी आभाळात. दोन अंडी चपलांखाली गेली. टिटवी डोक्यावर ओरडत होती आणि तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं, "काय गोड आवाज!" लिही गो पोरी, शिव्या देत होती ती!

दगड मी परत मांडलेत. राहिलेल्या दोन अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत रोज बांधाच्या टोकाला छत्री घेऊन बसणार. एवढ्या लांबचं दिसतं तुम्हाला, मग पायाखालचं कोण बघणार, सांगा?

ज्याला लाज वाटत असेल, त्यानं दुपारी तिथंच तांदळाची भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी पाठवावी. डब्यात अंडं मात्र नको.