दाराच्या स्विचला लावलेली वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का — बघतो.

कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. तिथल्या एका मशीनला ट्रे फीडर होता. पार्ट भरलेले ट्रे एकावर एक रचायचे. खालून लिफ्ट एकेक ट्रे वर ढकलते, मशीन पार्ट उचलते. फीडरचं दार उघडलं की सगळं थांबतं. त्यासाठी दाराला स्विच असतो.

तो स्विच बिघडला. दार बंद असतानाही मशीन सारखी थांबायची आणि सुपरवायझर माझ्या नावानं ओरडायचा. नवा स्विच यायला चार दिवस होते. मी काय केलं? वायरचा तुकडा लावून स्विच बायपास केला. आता दार उघडं असलं तरी लिफ्ट चालणार होती.

मशीनवर कोडोलीच्या शालनअक्का असायच्या. त्यांना सांगायला किती वेळ लागला असता? नाही सांगितलं. बोभाटा होईल, ही भीती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रे तिरका झाला. अक्कांनी नेहमीसारखं दार उघडलं, ट्रे सरळ करायला हात घातला — आणि लिफ्ट वर आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

लोक त्यांना दवाखान्यात नेत होते, तेव्हा मी वायर काढत होतो. चौकशीला साहेब आले तेव्हा मशीन पुन्हा पहिल्यासारखी मधेच थांबत होती, पण दार उघडलं की हमखास थांबत होती. मी म्हणालो, "दार न उघडता खालच्या फटीतनं हात घातला असंल." कागदावर तेच लिहिलं गेलं.

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढच्याला काय म्हणणार?

आठवड्यानं मी त्यांना भेटायला कोडोलीला गेलो. हाताला पांढरं बँडेज. मला बघून त्या सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव गं." मग हळूच मला म्हणाल्या, "मला वाटतंय बघ, मी दार उघडलंतं. पर मशीनचं तुला ठावं. तू म्हणतोयस म्हंजे मीच फटीतनं हात घातला असणार. व्हय की न्हाय?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "व्हय, अक्का. हुतंय असं."

त्या कामावर परत आल्या नाहीत. आता शेजारणींना सांगतात, माझ्याच धांदलीनं बोटं गेली. मी ऐकलंय. गप्प बसलोय.

अक्कांनी दार उघडलं होतं. त्यांना बरोबर आठवत होतं.