आपल्याच गाण्याचं हमीपत्र

निवृत्त झाल्यावर भूममध्ये माझ्याकडे एकच काम उरलं, लोकांना अर्ज लिहून देणं. हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं, त्यातलं गावाच्या उपयोगी पडलं ते एवढंच. रेशनकार्डाचा अर्ज, विजेच्या खांबाचा अर्ज. एकानं तर शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध दीड पानी अर्ज लिहवून नेला. त्यामुळं बसस्टँडसमोर मोबाईलचं दुकान चालवणारा माझा जुना विद्यार्थी सकाळी सकाळी दारात आला आणि म्हणाला, "सर, चोरीची तक्रार लिहायची हाय," तेव्हा मी सवयीनं चष्मा शोधला.

"काय गेलं?"

"गाणी गेली."

हा गृहस्थ लोकांच्या मेमरी कार्डात आणि पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो. फोनवर हवं ते गाणं ऐकण्याचे दिवस आले तरी ट्रॅक्टरवाले आणि बटणाचा फोन वापरणारी म्हातारी माणसं त्याच्याकडेच येतात, आणि बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानापुढं रांग असते. त्याच्या कॉम्प्युटरवर हळद, वरात, भक्ती, दुःख आणि ट्रॅक्टर अशी गाण्यांची वर्गवारी आहे. ट्रॅक्टरमध्ये काय येतं, असं मी एकदा विचारलं होतं. "एकट्यानं नांगरताना ऐकायची," तो म्हणाला. साहित्यप्रकारांची इतकी नेमकी व्याख्या मी वर्गात कधी करू शकलो नव्हतो.

"गाणी तू कुठून आणलीस?"

"नेटवरनं."

"विकत?"

पाऊस विकत घेतला का, असं विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नेटवरचं सगळ्यांचं असतंय, सर."

"मग दुसऱ्यानं तुझी घेतली तर बिघडलं काय?"

"त्यानं नेटवरनं कुठं घेतली? त्यानं माझ्याकडनं घेतली! एकेक गाणं निवडून म्या फोल्डरं केली. त्यो जळकोटचा दुकानदार आयतं उचलतो म्हंजे काय?"

पुरावा त्यानं बरोबर आणला होता. चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक गाण्याच्या मधे त्यानं स्वतःच्या आवाजात जाहिरात घातली होती. दुकानाचं नाव, मग "बसस्टँडसमोर, भूम", आणि शेवटी "ही गाणी कॉपी करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल." त्याच्या साडूच्या ट्रॅक्टरवर सापडलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ही ताकीद जशीच्या तशी होती, आणि तिच्या पाठोपाठ जळकोटच्या दुकानदाराचा आवाज येऊन हायवेलगतच्या त्याच्या दुकानाचा पत्ता सांगत होता, कारवाईच्या धमकीसकट. हळदीचं गाणं भूमला थांबून, जळकोट घेऊन मग पुढं नवरीपर्यंत पोचत होतं.

मी हसलो, पण फार मोठ्यानं हसायची सोय नव्हती. माझ्या कपाटात शास्त्रीय संगीतानं गच्च भरलेला एक पेन ड्राइव्ह होता, आणि तो यानंच भरून दिला होता. सरांकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणून फुकट. इतरांनी चित्रपटाची गाणी भरून घेतली की ती चोरी आणि मी ख्याल भरून घेतले की तो संस्कार, अशी माझी समजूत होती. ती तपासून बघायची वेळ आली नव्हती इतकंच.

"तुमची समदी गाणी साफ दिलीत, सर," तो जाता जाता म्हणाला. "तुमच्यात जाहिरात न्हाय घातली. साफ कॉप्या म्या येगळ्या ठेवल्यात. कुणाला देत न्हाय."

तक्रार कुणाच्या नावानं करायची ते ठरेना, म्हणून अर्ज राहिला.

पुढच्या बाजारच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात कवड्यांची माळ; सगळे त्यांना आबा म्हणतात. आसपासच्या गावांत ते आराधी मेळा घेऊन देवीची गाणी म्हणत, हे मला माहीत होतं. आता आवाज बसला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कॅसेटवाल्यानं त्यांच्या मेळ्याला बोलावून गाणी भरून घेतली, जेवण घातलं, शाल दिली. तो कॅसेटवाला धंदा बंद करून कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. आबांच्या घरची कॅसेट टेपनं खाल्ली; गाणी मात्र कुणीतरी नेटवर चढवली आणि तिथून ती दुकानादुकानांत पोचली.

"त्यातलं एक गाणं पायजे, गुर्जी," आबा म्हणाले. "तिसऱ्या कडव्यात एक वळ आमची मालकीण एकली म्हनती. बाकी समदीकडं तिनं झीलच धरली, मागं म्हननारी. ती एकच वळ तिची. औंदा गेली ती." त्यांनी गळ्यातली माळ सारखी केली. "आन नेमकं तिथंच ह्यो बोलतोय, बसस्टँडसमोर भूम, बसस्टँडसमोर भूम. चार दुकानं हिंडलो. समदीकडं ह्योच."

"मग अर्ज कुणाला करायचा?"

"ज्येचं गाणं हाय त्येला."

"आबा, गाणं तुमचंच आहे."

"म्हनून तर इचारतोय, अर्ज कुनाला करू?"

यावर लिहिता येईल असा मायना मला आजवर सापडलेला नाही. मी चपला घातल्या आणि त्यांना घेऊन दुकानात गेलो.

विद्यार्थ्यानं सगळं ऐकून घेतलं, आबांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि नकारही दिला.

"आबा, तुमच्या मनाला काय वाटतंय ते कळतंय मला. पर साफ कॉपी एकदा भाईर गेली का संपलं. आठवड्यात जळकोटला जाती."

"अरे, पण ती जाहिरात नेमकी तिथंच का घातलीस?" मी विचारलं.

"सुरवातीला घातली तर कापत्यात, सर. आन वाजाप चालू असताना घातली तर ऐकू येत न्हाय. म्हनून जिथं गाणं गप हुतंय तिथं घालतो."

"गप न्हाय हुत," आबा म्हणाले. "तिथं ती गाती."

त्यावर विद्यार्थ्यानं माऊस बाजूला सारला. मग त्याला तोडगा सुचला. आबांनी हमीपत्र लिहून द्यावं, सरांनी मसुदा करावा. मी तिथंच नकार द्यायला हवा होता. पण काउंटरवर कोरा कागद पुढं आला की माझा हात थांबत नाही. मी लिहिलं:

"मी खाली सही करणार लिहून देतो की, मी स्वतः गायिलेले गाणे मला आज रोजी जाहिरातीविना मिळाले असून ते मी अन्य कोणत्याही व्यक्तीस, नातलगास अथवा दुकानास देणार नाही. सदर हमीपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे."

आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांना कुठंच काही वावगं वाटलं नाही. एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून मी केली, आणि मजकूर चांगला उतरला म्हणून मला मनातून बरंही वाटलं. ज्याची गाणी सगळ्यांनी नेली त्या एकट्या माणसाकडून आपण चोरी न करण्याचं लिहून घेतलंय, हे माझ्या डोक्यात घरी गेल्यावर आलं.

दुकानदारानं आबांच्या बटणाच्या फोनमधलं कार्ड काढलं, भरलं, परत बसवलं. आबांनी फोन आल्यासारखा तो कानाला लावला. दुकानात मोठ्यानं चालू असलेलं वरातीचं गाणं विद्यार्थ्यानं आपणहून बंद केलं. आम्हाला पहिली दोन कडवी बारीक किणकिणल्यासारखी ऐकू येत होती. मग तेही थांबलं. आबांनी डोळे मिटले.

"घाई केली तिनं," ते म्हणाले. "तिथं जरा दम धरायचा आसतोय. लाख येळा सांगितलं."

आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा म्हणाले, "घाईच केली." रांगेतला एक ट्रॅक्टरवाला "आवरा की आबा," म्हणाला, तर दुकानदारानं त्याला बाजूला उभं केलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, मलाही ऐकायचंय. माझ्या फोनवर पाठवता का?"

त्यांनी फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला. "सही केलीया म्या, गुर्जी."

"अहो, तो कागद मीच लिहिलाय!"

"व्हय. आन साक्षीदार बी तुमीच हाय."

"आणि लेकीनं मागितलं तर?"

"नातलगास न्हाय, तुमीच लिवलंय." मग जरा विचार करून म्हणाले, "तिला म्हनीन, हितं यून ऐक. तेवढ्यानं तरी यील. तुमी बी या. च्या घिऊ, ऐकू."

चार दिवसांनी मी त्यांच्या गावाची एसटी धरली. चहा झाला. आबांनी उठून दार लावून घेतलं, माझा मोबाईल बाहेर ओट्यावर ठेवून यायला सांगितलं, आणि मग गाणं लावलं.