सहीच्या आधी

पालकसभेत माझ्यापुढे बसलेल्या एका मुलीच्या आईनं पेन हातात घेतलंच नाही. प्रगतीपुस्तक पुढे सरकवत मॅडम म्हणाल्या, "इथे सही करा. मुलगी हुशार आहे, पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही. लक्ष नसतं."

त्या आईनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. "काल तिलाच विचारलं, मॅडमना काय सांगू? तिनं हे लिहून दिलंय."

कागदावर एकच ओळ होती: मला शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही.

मॅडमनी ती ओळ वाचली. मग म्हणाल्या, "उद्यापासून पुढे बसवते. डोळेही तपासून घ्या." तेव्हा कुठे सही झाली.

मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे आखडून मी बघत होतो. पाच वर्षं मी इथे येतोय. मार्क बघतो, "घरी लक्ष देतो" म्हणतो आणि सही ठोकून निघतो. दोन मोठी माणसं मुलाबद्दल बोलतात, त्याचं म्हणणं मात्र घरीच राहतं.

माझा नंबर आला. मॅडमनी पेन पुढे केलं.

"सही नंतर," मी म्हणालो. "आधी घरी फोन लावून मुलाला विचारतो."