चौदा कलमांचा अर्ज

एका ओळीत होणारं काम चौदा कलमांत मांडून ते कायमचं अडकवून ठेवायचं, ही विद्या पुरती साध्य झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान इंदापूरला राहत. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही म्हणायचो. मनातल्या मनात मात्र मी त्यांना जे म्हणत असे ते छापण्यासारखं नाही. तिथल्या कचेरीबाहेर चिंचेखाली तरट अंथरून, पुढ्यात लाकडी पेटी घेऊन ते लोकांचे अर्ज लिहून देत. पाटाच्या पाण्यापासून हरवलेल्या म्हशीपर्यंत कोणताही विषय त्यांना चाले. डोक्याला काळी टोपी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा आणि हातात टाक. फाउंटन पेनला ते शिवत नसत. "पेनानं मानूस घाईनं लिवतो," ते म्हणायचे, "आन् घाईनं लिवलेलं सरकार घाईनं वाचतं." वीस वर्षं त्या कचेरीच्या तोंडाशी बसून हा गृहस्थ तिच्या पायऱ्या एकदाही चढला नव्हता. का, म्हणून विचारलं तर ऐटीत सांगायचे, "लिवनारानं आत जायचं नसतं. कागद जातो."

लिहिण्याची त्यांची खोड घरीदारी सुटत नसे. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांची एक चप्पल हरवली. दुसऱ्या कुणी चार ठिकाणी वाकून पाहिलं असतं. यांनी मांडवातच मांडी घातली आणि वधूपित्याच्या नावे तक्रारअर्ज सुरू केला. चपलेचं वर्णन, अंगठ्याची घडण, टाचेची झीज, शेवटची दृष्टीस पडली तो सुमार, सगळं कलमवार. चौथ्या कलमापर्यंत आले तेव्हा मला ती चप्पल एका बाजेखाली सापडली. मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं, टाक बुडवला आणि पाचवं कलम घातलं : 'सबब सदरहू चप्पल मिळाली असून ती अर्जदाराचीच असल्याबद्दल अर्जदाराची खात्री पटली आहे.' आणि तो अर्ज त्यांनी खरोखरच त्या वधूपित्याच्या हातात दिला. बिचाऱ्याला वाटलं, नवरदेवाकडच्यांनी ऐन वेळी काही मागणं काढलं; कागद न उलगडताच तो पैशाची पिशवी शोधायला आत गेला.

अशा माणसाच्या हाती मी माझं घर दिलं, ही चूक माझीच.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बारामतीत मी शाळामास्तर होतो आणि भाड्याच्या माडीवर आम्ही तिघं राहत होतो : मी, बायको आणि काटेवाडीच्या मळ्यात उभा जन्म घालवलेली माझी आई. माडीचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. एका दिवाळीत आई त्यावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि ते जुळलं ते वाकडं जुळलं. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे बैल ओळखायची आणि मला विचारायची, "आपल्या जागंवर गवत किती वाढलंय रं?" गावाबाहेर कालव्याच्या अंगाला माझी चिमूटभर जागा होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या, उंबरठा जमिनीलगत ठेवायचा, आईला अंगणात आणायचं, एवढंच माझं मागणं होतं. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी नकाशा काढून दिला. मी म्युनिसिपालटीच्या नावे बांधकामाच्या परवानगीचा चार ओळींचा अर्ज लिहिला. आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायला दाजी आले.

माझा अर्ज त्यांनी दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. "हा अर्ज हाय का चिठ्ठी?"

"दोन खोल्या बांधायच्या आहेत, दाजी. आणखी काय लिहायचं?"

"मास्तर, सरकारला काय लिवलंय ते दिसत न्हाय. काय लिवायचं ऱ्हायलंय ते दिसतं. तुमी सरा बाजूला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बहिणीचा नवरा; मी बाजूला सरलो. दोन दिवस मुक्काम ठोकून त्यांनी चौदा कलमं पाडली. जागेच्या मूळ मालकापासून सुरुवात होती. सातव्या कलमात शेजारच्या बागाईतदाराच्या लिंबाच्या फांद्या हद्दीवर येतात आणि 'सदरहू इसम हरकत घेण्याचा संभव आहे' असं लिहिलं होतं. त्या भल्या इसमाच्या हे स्वप्नातही नव्हतं. पण अर्जात संभव लिहिलाय म्हटल्यावर त्याला रीतसर विचारणा गेली, आणि सरकारच आपल्याला विचारतंय म्हटल्यावर त्यानं हरकत घेतली. दाजींना आनंद झाला. "बघा, म्या म्हनलं नव्हतं?" त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. त्यात भिंत पडली तर पलीकडच्या वाटेला उपद्रव होणार नाही, अशी हमी घातली. म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर सज्जन माणूस होता. त्यानं मला वाटेत गाठून हात जोडले. "गुरुजी, बांधण्याआधीच भिंत पडेल असं तुम्हीच लिहून देताय. मी सही कशी करू?" तिसरा अर्ज त्या हमीच्या खुलाशाचा. चौथा तिन्ही अर्ज एकत्र वाचावेत अशा विनंतीचा. शिमगा गेला, उन्हाळा गेला, मृगाच्या पेरण्या झाल्या आणि आमच्या जागेवरचं गवत गुडघ्याला लागलं.

मला सर्वांत राग याचा यायचा, की आईला ते अर्ज आवडत. दाजी इंदापूरच्या एस.टी.तून उतरायचे, जिना चढून यायचे आणि नव्या अर्जाचं वाचन सुरू करायचे. काय तो आवाज! समोरच्या दुकानातली माणसं माना वर करून बघत. 'येणेप्रमाणे', 'सबब', 'सदरहू' हे शब्द ते असे टाकत की भिंतीवरच्या तसबिरी हलाव्यात. तेराव्या कलमाशी आले की आई म्हणायची, "पाव्हणं, तेवढं माझं परत वाचा." ते परत वाचत. मी चपला घालून बाहेर पडे. तेरावं कलम मी कधी नीट ऐकलंच नाही.

श्रावणात एके दिवशी ते पाचव्या अर्जाचे कोरे कागद घेऊन आले आणि माझा तोल गेला. "पुरे झालं, दाजी! तुमच्या कलमांनी माझी आई कोंडून ठेवलीय. आज माझ्याबरोबर कचेरीत चला आणि हे सगळं तोंडानं सांगा. की नुसता इथंच आवाज आहे?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. आई म्हणाली, "नगं नेऊस त्येंना." मी ऐकलं नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि मुकाट्यानं माझ्यामागून जिना उतरले.

ओव्हरसियरनं आम्हाला बसायला सांगितलं. मी बसलो, दाजी उभेच राहिले. "बोला," तो म्हणाला, अगदी सौम्यपणे. दाजींनी तोंड उघडलं. "अ… अ… अर…" पुढं काही येईना. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ हलत राहिले, कपाळावरचा घाम चष्म्याच्या दोऱ्यात मुरला. कोपऱ्यातला एक कारकून फिस्सकन हसला. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोललो नाही. सात महिन्यांचा राग होता. हा माणूस असा उभा आहे हे मला बरं वाटलं, हे मी आज कबूल करतो. शेवटी दाजींनी टेबलावरच्या आमच्या अर्जांच्या चवडीकडे बोट केलं, स्वतःच वाकून एक पान काढलं आणि बोट एका जागी टेकवलं.

ओव्हरसियर ते मोठ्यानं वाचू लागला. "कलम तेरा. अर्जदाराची मातोश्री, जन्मापासून मातीत राबलेली, गतवर्षीच्या दिवाळीपासून माडीवर असून तिचा पाय जमिनीस लागलेला नाही. ती मागते ते घर नव्हे. ती मागते ती पाय टेकण्यापुरती जमीन, आणि ती जमीन तिचीच आहे." तो थांबला. कारकून उठून जवळ आला. "हे पहिल्या अर्जापासून आहे?" त्यानं पानं उलटून पाहिली. होतं. बारा कलमं ओलांडून तिथवर कुणी गेलंच नव्हतं, मीसुद्धा.

शुक्रवारी ओव्हरसियर स्वतः टेप घेऊन जागेवर आला. बागाईतदाराला लिंबाखाली बसवून त्यानं दोन शब्द सांगितले, आणि त्या गृहस्थानं हरकत मागं घेऊन वर विहिरीचं पाणी बांधकामाला देऊ केलं. आठवड्यात परवानगी हातात पडली.

त्या दिवशी कचेरीतून परतल्यावर दाजींनी आपले कोरे कागद तेवढे उचलले. पुढच्या गाडीनं निघून गेले. मी आईला म्हटलं, "हे असं आहे, माहीत होतं तुला?"

"तर काय. पयल्या दिशीच वळखलं," आई म्हणाली. "ज्येला सायबाम्होरं बोलता येतंय त्यो इतकं लिवंल कशाला? तू मास्तर हायेस ना रं? पोरं शिकिवतोस ना?"

गुढीपाडव्याला आम्ही नव्या घरात गेलो. आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. वरून मी धरलं होतं, खालून दाजींनी. अंगणात तिनं पायांचे दोन्ही तळवे मातीवर ठेवले आणि अंगठ्यानं माती उकरून पाहिली. दाजी कुंपणाकडे तोंड करून नाक शिंकरत होते.

पुढं एकदा मी इंदापूरला गेलो असताना त्यांनी मला गावाच्या कडेला एक मोकळी जागा दाखवली. चारी कोपऱ्यांना दगड, मधे बाभळी. कितीतरी वर्षांपूर्वी घेतलेली त्यांची स्वतःची जागा. "मग बांधली का नाही?" मी विचारलं.

"लोकांचं लिवता येतं, मास्तर. सोताचं लिवाय बसलं की काय मागायचं त्येच सुचत न्हाय. आन् कागद गेला तरी कवातरी आत बोलावत्यातच."

"तुम्ही कसंही लिहा, दाजी. आत मी येतो. मी बोलतो."

त्यांनी चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला. मग म्हणाले, "याल?"

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात परीक्षा होत्या. मग आईचं दुखणं निघालं, मग तिचं सगळं करण्यात वर्ष गेलं. त्यानंतरच्या थंडीत दाजीच गेले. अर्जाची पोच चार दिवस उशिरा आली तरी कचेऱ्यांना स्मरणपत्रं धाडणाऱ्या त्या माणसानं मला मात्र एकही पाठवलं नाही. एक ओळ लिहिली असती, तरी मी गेलो असतो. निदान मला तसं वाटतं.