खरं सांगायला आलेले जमादार

जमादार टोपी काढून मांडीवर ठेवायचे. तुमच्यापैकी कुणी कधी ठाण्यात बसलं असेल तर त्याला कळेल, उगारलेल्या काठीपेक्षा त्या उतरलेल्या टोपीची भीती मोठी. मग ते हळूच म्हणायचे, "घाबरू नको बाप्पा. मले घरचाच समज."

तसे ते होतेही घरचेच. बाभुळगावात आमच्या आळीत राहायचे. माझ्या आईला ताप आला की रानातून गुळवेल आणून द्यायचे. कीर्तनात डोळे पुसायचे.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी सरकी काढायच्या जिनात कापूस मोजायचो. बंजारा तांड्यावरचा किसन तिथंच चौकीदार. एका सकाळी यंत्राचा चामडी पट्टा गायब झाला आणि आम्हा दोघांना ठाण्यात नेऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

टोपी उतरली. "किसननं सांगतलं सारं. तुयं नाव घेतलं त्यानं. आता तू काहून लपवून राह्यला?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं आलं. "माय वो, मेलो!"

आधी वाटलं, किसनच. पण किसन कळवळला की 'याडी' म्हणायचा. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. म्हणजे रडणारा शिपाई होता! हे कळलं आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मला हे सांगताहेत, तर त्याला काय सांगत असतील?

तेच सांगितलं होतं, माझं नाव घेऊन. मीच उलटलो असं समजून किसन न केलेली चोरी कबूल करून बसला.

पुढं पट्टा राजूरला सापडला. जिनातल्याच मिस्तरीनं विकला होता. आम्ही सुटलो, पण किसन कामावर आला नाही. मला पाहिलं की वाट सोडायचा.

मी जमादारांना जाऊन हे सांगितलं. त्यांनी वर्दी उतरवली. मग साधा सदरा घालून माझ्यासोबत तांड्यावर आले.

"मी खोटं बोललो रे किसन," ते म्हणाले. "यानं तुयं नाव घेतलंच नव्हतं."

आवाज तोच, मऊ.

किसनच्या हातातला लोटा पडला. त्याला वाटलं, हा नवा डाव. हात जोडून म्हणाला, "तुमी म्हनान तसं, साहेब. अंगठा कुठी लावू?"

जमादार तिथंच मातीत बसले. त्यांना उठवेना.

काही महिन्यांत त्यांची बदली झाली. आळीत कुणाचाही निरोप न घेता ते गेले. ते गेल्याचं मी किसनला सांगितलं, पण त्याला पटलं नाही. ठाण्यावरून जाताना तो वहाणा काढून हातात घ्यायचा, आवाज होऊ नये म्हणून.