दोराच्या पलीकडे मुबारक

दुपारचे तीन. सलाईनचे थेंब बघता बघता बाळगोंडा पाटलाच्या पापण्या जड होतात. स्वादुपिंडाला सूज येऊन आज पाचवा दिवस. पोटातली आग शमलीय, पण भीती गेलेली नाही. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, "सुरुवात पित्ताच्या खड्यानं झाली, पण वजन एकशे अठरा किलो आहे. एवढी चरबी असली की हे दुखणं चिघळायची भीती जास्त."

दोन वर्षांपूर्वी मुबारक नदाफ याच दुखण्यानं गेला. साखर कारखान्याच्या रस्सीखेच संघात दोघं दोराच्या शेवटाला उभे राहणारे गडी, आणि वजन ही दोघांची शान.

उशाशी बायको, शालन, पेंगतेय.

"बाळ्या, ऊठ की लेका! काट्यावर ये."

खाटेखालची फरशी गार लोखंडाची होते. बाळगोंडा कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा आहे, उसाच्या ट्रॉल्या चढतात तिथंच. हवेत मळीचा आंबूस वास. शेजारी मुबारक, संघाचा निळा बनियन अंगावर ढगळ झालेला.

"किती भरलं रं माझं?"

बाळगोंडा काचेआड बघतो. काटा हललेलाच नाही. "काहीच नाही."

"आणि गेलो तेव्हा एकशे तीस होतो!" मुबारक मांडीवर थाप मारून हसतो. बाळगोंडालाही हसू फुटतं. हसताना पोट दुखत नाही, याचंच त्याला नवल वाटतं.

"मुबारक, मी पण येणार का रं तुझ्याकडं?"

"कशाला? आमच्या संघात जागा नाही."

काट्याचं मैदान झालेलं असतं. हातात दोर, पलीकडच्या टोकाला एकटा मुबारक. शिट्टी वाजते. बाळगोंडा टाचा रोवतो आणि ओढतो. मुबारक पतंगासारखा अलगद सरकत येतो. रेषा हातभर उरते.

"हरलो की! सोड आता."

"नाही सोडत. अजून थोडं ओढलं की तू इकडं येतोस. घरी चल. शालन तुझ्यासाठी धपाटी करंल."

मुबारकचा चेहरा मऊ होतो. "वजनावर जिंकायचे दिवस संपले आपले, बाळ्या. सोड."

"पडशील की."

"पडायला वजन लागतं, येड्या!"

बाळगोंडा दोर सोडतो. मुबारक उसाच्या तुऱ्यांवरून मागं मागं उडत जातो, दोन्ही हात हलवत, खदाखदा हसत.

"अहो! झोपेत एवढं काय हसताय?" शालन खांदा हलवतेय.

बाळगोंडा डोळे उघडतो. "शालन, भूक लागलीय गं."

पाच दिवसांत पहिल्यांदाच. शालन तोंडाला पदर लावते, रडते की हसते कळत नाही, आणि सिस्टरना सांगायला धावत सुटते.

बाळगोंडा मान उचलून पायांकडं बघतो. चादर पार चोळामोळा होऊन खाली गेलीय. उघड्या गादीत दोन्ही टाचांचे खोल खड्डे पडलेत, आणि ते सावकाश, अगदी सावकाश भरून येतायत.